माउंटन बाइकचा मागचा शॉक बदलायचा असेल तर

मागचा शॉक (शॉक ॲब्सॉर्बर) निवडताना बहुतेक जण आधी कंपनीचे नाव पाहतात, मग किंमत पाहतात आणि मापाकडे शेवटी वळतात. हा क्रम उलटा हवा. शॉक सुटा विकत मिळत असला, तरी तो एका विशिष्ट फ्रेमच्या सांध्यांवर आणि एका विशिष्ट वजनाच्या माणसासाठी बेतावा लागतो. उत्तम नावाचा पण न जुळणारा शॉक हा साध्या पण जुळणाऱ्या शॉकपेक्षा वाईटच चालतो. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात राहणाऱ्यांना ही चूक अधिक महागात पडते, कारण असे शॉक येथील दुकानांत सहसा मांडून ठेवलेले नसतात. ते बाहेरून मागवावे लागतात आणि एकदा बोल्ट घालून पाहिलेला शॉक विक्रेता परत घेईलच असे नाही. म्हणून पैसे भरण्याआधी मोजमापासाठी एक संध्याकाळ नीट द्यावी.

त्याआधी दोष शॉकमध्येच आहे ना, हे तपासावे. सायकल उभी करून एका हाताने सीट धरावी, ती हलकेच वर-खाली करावी आणि दुसऱ्या हाताची बोटे शॉकच्या टोकाच्या बोल्टवर टेकवावीत. बोटांना ‘टक्’ असा बारीक धक्का जाणवला, तर ढिलेपणा शॉकच्या बुशमध्ये, म्हणजे बोल्टभोवतीच्या नळकांडीत, आला आहे आणि केवळ बुश बदलून काम भागते. शॉकचे टोक स्थिर असून मागचा त्रिकोणच आडवा डुलत असेल, तर पिव्हटची, म्हणजे फ्रेमच्या सांध्यांची, बेअरिंग गेली आहेत. जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला पावसाळाभर फिरलेल्या सायकलीत शॉकच्या आधी बहुधा हीच बेअरिंग जातात. हवेचा शॉक रात्रभरात बसत असेल, तर प्रथम एअर कॅनचे, म्हणजे हवा भरलेल्या बाहेरच्या डब्याचे, सील बदलून पाहावे. दांड्यावर तेलाचा ओघळ दिसणे किंवा रिबाउंडचा नॉब फिरवूनही परतीच्या वेगात काही फरक न पडणे, ही शॉक आतून उघडण्याची लक्षणे आहेत. दांड्यावर नखाला अडकेल असा ओरखडा असेल, तर मात्र नवे सील घालण्यात अर्थ नाही, कारण तो ओरखडा नवे सीलही कापतो. अशा वेळी शॉक बदलणेच योग्य.

मापे

शॉकची ओळख दोन आकड्यांनी होते. पहिला आकडा लांबीचा, म्हणजे एका बोल्टच्या केंद्रापासून दुसऱ्या बोल्टच्या केंद्रापर्यंतचे अंतर, ज्याला आय-टू-आय म्हणतात. दुसरा आकडा स्ट्रोकचा, म्हणजे शॉक पूर्ण दाबला गेल्यावर किती मिलिमीटर आत जातो त्याचा. २०० x ५७ असे लिहिलेले असते ते यासाठीच. लांबी मोजताना शॉक फ्रेममधून काढलेला असावा आणि त्यावर कोणताही भार नसावा. हवेच्या शॉकमध्ये सुमारे १०० पीएसआय हवा भरूनच लांबी मोजावी, कारण हवा गेलेला शॉक थोडा आत ओढला गेलेला असतो आणि ते माप खोटे येते.

स्ट्रोक मोजणे थोडे किचकट आहे. हवेच्या शॉकमध्ये दांड्यावरची रबरी ओ-रिंग सीलला टेकवावी, हवा हळूहळू सोडत शॉक पूर्ण दाबावा आणि पुन्हा उघडल्यावर ओ-रिंग सीलपासून किती दूर गेली ते व्हर्निअर कॅलिपरने पाहावे. स्प्रिंगच्या शॉकमध्ये उघडा दांडा मोजून स्ट्रोक धरणे चुकीचे आहे, कारण दांड्यावर जो रबरी बंपर असतो तो शेवटी दबून काही जागा खातो. शॉकच्या अंगावर छापलेला किंवा फ्रेम बनवणाऱ्याने दिलेला आकडा मिळत असेल, तर तोच प्रमाण मानावा आणि स्वतःच्या मोजणीचा उपयोग पडताळ्यासाठी करावा.

येथे एक गुंता आहे, आणि चुकीच्या खरेद्या बहुतेक त्यातूनच होतात. जुन्या सायकलींची मापे इंचांवर बेतलेली होती. त्यांचे मिलिमीटर केले की १६५ x ३८, १९० x ५०, २०० x ५०, २०० x ५७, २१६ x ६३ अशी मापे मिळतात. २०१६ पासून नवी मेट्रिक मापे आली, ती १९० x ४५, २१० x ५०, २१० x ५५, २३० x ६०, २३० x ६५ अशी असतात. २०० च्या जागी २१० बसत नाही; ओढूनताणून बसवला तरी सायकलची मागची बाजू उचलली जाते. याचा हिशेब सोपा आहे. मागच्या चाकाच्या एकूण प्रवासाला शॉकच्या स्ट्रोकने भागले की लिव्हरेज रेशो मिळतो. चाकाचा प्रवास १४० मिलिमीटर आणि स्ट्रोक ५० मिलिमीटर असेल, तर हा रेशो २.८ येतो. म्हणजे शॉक दहा मिलिमीटरने लांब घेतला, तर चाक सुमारे अठ्ठावीस मिलिमीटर खाली ढकलले जाते, पेडलची उंची वाढते, हँडलचा कोन उभा होतो आणि उतारावर सायकल पुढे कलंडू लागते.

स्ट्रोक वाढवणे त्याहून धोक्याचे. ज्या फ्रेमला २०० x ५० हवा तिथे २०० x ५७ सहज बसतो, बोल्टही तेच लागतात आणि बसवताना काहीच खटकत नाही. पण वरचे सात मिलिमीटर चाकापाशी जवळपास वीस मिलिमीटर होतात आणि पहिल्याच मोठ्या खड्ड्यात टायर सीटच्या नळीवर घासतो किंवा फ्रेमचे सांधे एकमेकांवर आदळतात. लांबी तीच ठेवून स्ट्रोक कमी घेतला, तर इजा काही होत नाही, फक्त प्रवास कमी होतो. म्हणूनच १९० x ५० च्या जागी मेट्रिक १९० x ४५ लावता येतो, मात्र चाकाचा प्रवास दहा टक्क्यांनी घटला हे मान्य करून.

तिसरा प्रकार ट्रनिअनचा. यात शॉकच्या वरच्या टोकाला छिद्र नसते, तर दोन बाजूंनी दोन बोल्ट थेट शॉकच्या अंगात घुसतात. त्याच स्ट्रोकच्या साध्या शॉकपेक्षा ट्रनिअन शॉक पंचवीस मिलिमीटरने आखूड असतो; २१० x ५५ ला समांतर असा तो १८५ x ५५. फ्रेमला त्यासाठीच घडवलेली जागा लागते, त्यामुळे साध्याच्या जागी ट्रनिअन किंवा उलट असा बदल करण्याच्या भानगडीत पडू नये.

बुश आणि उद्यमबाग

शॉक जुळला तरी तो फ्रेमला धरून ठेवणारे बुश आणि त्यांतले रिड्यूसर (बुशमध्ये बसणाऱ्या, बोल्टच्या मापाच्या नळ्या) वेगळे मागवावे लागतात, आणि नेमके हेच विसरले जाते. बोल्टचा व्यास सहा, आठ किंवा दहा मिलिमीटर असतो. फ्रेमच्या दोन कानांमधली रुंदी प्रत्येक फ्रेमला निराळी असते आणि एकाच शॉकच्या वरच्या व खालच्या टोकाला ती सारखी असेलच असे नाही. ही रुंदी पट्टीने मोजू नये. २२ आणि २२.२ यांतला फरक डोळ्याला दिसत नाही, पण अरुंद रिड्यूसर बोल्ट आवळल्यावर फ्रेमचे कान आत ओढतो आणि रुंद रिड्यूसर कानांत शिरतच नाही. व्हर्निअर नसेल तर तो मागून आणावा; या कामात दुसरे कोणतेही हत्यार त्याची जागा घेत नाही.

या बाबतीत बेळगावकरांना एक सोय आहे आणि तिचा लाभ जरूर घ्यावा. कंपनीचा रिड्यूसर त्या मापात मिळत नसेल, तर उद्यमबाग या औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या लेथवर तो करून घेता येतो. हायड्रॉलिकचे सुटे भाग रोज करणाऱ्या कारागिराला हे काम अवघड नाही. मात्र त्याला हवे ते नेमक्या शब्दांत सांगता आले पाहिजे. तो पहिला प्रश्न विचारतो, “सरकता बसवायचा की दाबून?” उत्तर असे द्यावे: बाहेरचा बुश शॉकच्या छिद्रात दाबून बसतो, आणि आतला रिड्यूसर त्या बुशमध्ये हाताच्या अंगठ्याने ढकलता यावा पण मोकळा हलू नये. बहुतेक शॉकमध्ये बुशचे आतले माप १२.७ मिलिमीटर, म्हणजे अर्धा इंच असते, तरी आपला बुश प्रत्यक्ष मोजून, शक्यतो शॉकच सोबत नेऊन काम करून घ्यावे. धातू चांगल्या प्रतीचा ॲल्युमिनियम किंवा स्टेनलेस स्टील असावा. पितळेचा आग्रह धरू नये. दोन्ही बाजूंच्या रिड्यूसरची लांबी अगदी सारखी हवी, नाहीतर शॉक फ्रेममध्ये तिरका बसतो आणि दांडा एका बाजूने झिजू लागतो. कारागिराने तुकडा लेथवरून उतरवला की त्याच्यासमोरच तो बुशमध्ये घालून फिरवून पाहावा, म्हणजे शतांश मिलिमीटरची उरलीसुरली भर तिथल्या तिथे काढता येते.

हवा की स्प्रिंग

यानंतर येतो तो वजनाचा प्रश्न. येथे वजन म्हणजे नुसते शरीराचे नव्हे. हेल्मेट, बूट, पाठीवरची पाण्याची पिशवी हे सर्व धरून वजनकाट्यावर उभे राहावे.

स्प्रिंगच्या शॉकमध्ये स्प्रिंगची ताकद पौंड प्रति इंच या एककात अंगावर छापलेली असते. कमी किमतीच्या दोन शॉकच्या सायकलींवर ७५० चा आकडा अनेकदा दिसतो. आता हिशेब करून पाहू. सामानासह साठ किलोच्या माणसाच्या वजनापैकी सुमारे साठ टक्के, म्हणजे छत्तीस किलो भार मागच्या चाकावर येतो. लिव्हरेज रेशो २.८ धरला, तर शॉकवर तो सुमारे १०१ किलो, म्हणजे २२२ पौंड होतो. ५० मिलिमीटरच्या स्ट्रोकपैकी तीस टक्के, म्हणजे १५ मिलिमीटर किंवा ०.५९ इंच इतका शॉक नुसते बसल्यावर दबावा अशी अपेक्षा असेल, तर २२२ ला ०.५९ ने भागून सुमारे ३७५ ची स्प्रिंग हवी. ७५० च्या स्प्रिंगवर हाच माणूस बसला, तर शॉक निम्माच दबतो आणि सायकल दगडागोट्यांवरून उड्या मारते. पंचाहत्तर किलोच्या माणसासाठी हेच गणित ४७० च्या आसपास येते. हा आकडा सुरुवातीचा समजावा, कारण रेशो प्रवासभर एकसारखा राहत नाही. पण स्प्रिंग ३७५ ची हवी की ७५० ची, एवढे तरी त्यातून निश्चित कळते. स्प्रिंगच्या टोकाची चकती फिरवून स्प्रिंग कडक करता येते असा समज सर्वत्र आहे, तो खरा नाही. त्या चकतीने शॉक थोडा उशिरा दबू लागतो, स्प्रिंगची मूळ ताकद बदलत नाही. स्प्रिंगला चकती टेकल्यानंतर एक-दोन फेऱ्यांपेक्षा जास्त आवळावे लागत असेल, तर स्प्रिंगच बदलावी.

हवेच्या शॉकमध्ये ही अडचण पंपाने सुटते. पौंडांत जेवढे वजन तेवढे पीएसआय, ही सुरुवातीची सोपी रीत आहे; पंचाहत्तर किलो म्हणजे साधारण १६५ पौंड, म्हणून १६५ पीएसआय. एकाच सायकलवर घरातले दोघे भाऊ आळीपाळीने फिरत असतील, तर दुसरा विचारच करू नये, हवेचा शॉक घ्यावा. त्यासाठी शॉकचा वेगळा पंप लागतो, जो ३०० पीएसआयपर्यंत दाब देतो. टायरचा पंप येथे चालत नाही. दर ५० पीएसआयनंतर सायकल हळूहळू दहा-बारा वेळा दाबावी, म्हणजे आतल्या दोन्ही कप्प्यांत हवा समान होते. वजन जास्त आणि लिव्हरेज रेशो तीनच्या वर असेल, तर निर्मात्याने दिलेली कमाल दाबाची मर्यादा आधी पाहावी, कारण ती ओलांडूनच सॅग, म्हणजे नुसते बसल्यावर शॉक जितका दबतो ते माप, जुळत असेल तर तो शॉक आपल्यासाठी नाही.

हवेचा दाब तापमानासोबत बदलतो, ही गोष्ट आपल्या हवामानात लक्षात ठेवण्यासारखी आहे. डिसेंबरच्या पहाटे चौदा अंशांना १८० पीएसआय भरलेला शॉक एप्रिलच्या दुपारी अडतीस अंशांना सुमारे सोळा पीएसआय वर चढलेला असतो. चोर्ला घाट उतरून खाली गेल्यावर उंचीमुळे पडणारा फरक मात्र एक-सव्वा पीएसआयचाच आहे आणि त्याकडे दुर्लक्ष करता येते. त्यामुळे सॅग घरात पंख्याखाली जुळवू नये, ज्या वेळी फिरायचे त्या वेळी बाहेर जुळवावा.

माझे मत विचाराल तर या भागातल्या बहुतेकांसाठी तेलाची वेगळी टाकी नसलेला साधा हवेचा शॉक, रिबाउंडचा नॉब आणि चढासाठी शॉक कडक करणारी खटकी, एवढे पुरेसे आहे. येथील फेरफटका असा असतो की शहरापासून कच्च्या वाटेपर्यंत कित्येक किलोमीटर डांबरी रस्ता, मग राजहंसगडासारखा एखादा चढ, मग थोडा उतार आणि पुन्हा डांबरी रस्त्याने घर. त्यात ती खटकी जितकी उपयोगी पडते तितका कंप्रेशनचा, म्हणजे दबण्याचा वेग जुळवणारा, बारीक नॉब पडत नाही. जो खरोखर लांब, दगडी उतार वारंवार उतरतो आणि ज्याचा शॉक तापून मऊ पडतो, त्याने टाकीचा शॉक किंवा स्प्रिंग घ्यावी. स्प्रिंगचा आणखी एक गुण असा की तिच्यात हवेचे सील नसतात, त्यामुळे चिखलाने बिघडण्याची एक जागा कमी होते. परंतु स्प्रिंग चालेल का हे फ्रेमवर अवलंबून आहे. ज्या फ्रेमचा लिव्हरेज रेशो प्रवासाच्या शेवटी पुरेसा कमी होत नाही, तिच्यात स्प्रिंगचा शॉक तळाला आपटतो. आणि ज्या फ्रेममध्ये शॉकला लांब दुबेळके जोडलेले असते, तिच्यात स्प्रिंगच्या शॉकचा बारीक दांडा वाकण्याची भीती असते. अशा वेळी निर्मात्याची अनुमती लेखी मिळाल्याशिवाय स्प्रिंग लावू नये.

आतली जुळणी, म्हणजे ट्यून, बाहेरून दिसत नाही, पण वापराच्या सुखाचा मोठा भाग तिच्यावर अवलंबून असतो. त्याच मापाचा शॉक हलक्या, मध्यम किंवा भारी डॅम्पिंगचा (दबण्या-उसळण्याचा वेग रोखण्याच्या क्षमतेचा) येतो. फॉक्सच्या शॉकवर चार अक्षर-अंकांचा संकेत छापलेला असतो आणि रॉकशॉक्सच्या शॉकवर अनुक्रमांक असतो. त्यावरून तो शॉक मुळात कोणत्या सायकलीसाठी जुळवला होता हे कळते. जुना शॉक फेकण्याआधी हा क्रमांक उतरवून घ्यावा आणि विक्रेत्याला फ्रेमचे नाव, वर्ष, आकार व आपले वजन यांच्यासोबत कळवावा. वापरलेला शॉक स्वस्तात मिळत असेल, तर हा संकेत पाहिल्याशिवाय व्यवहार करू नये. दांडा उजेडात धरून फिरवून पाहावा, त्यात रात्रभर हवा टिकते का ते तपासावे आणि लागोपाठ आठ-दहा वेळा दाबून परतीचा वेग बदलतो का ते पाहावे. वेग बदलत असेल, तर तेलात हवा मिसळलेली आहे आणि दुरुस्तीचा खर्च किमतीत धरला पाहिजे.

जागा, देखभाल, बसवणी

टाकीचा शॉक घ्यायचा असेल, तर टाकी कुठल्या बाजूला येणार हे चित्रावर नव्हे, फ्रेममध्ये पाहावे. पुठ्ठ्याचा त्या आकाराचा तुकडा कापून जुन्या शॉकला दोऱ्याने बांधावा आणि मागचे चाक वर-खाली करून तो नळीला, पाण्याच्या बाटलीला किंवा लिंकला कुठे लागतो का ते पाहावे. लहान आकाराच्या फ्रेममध्ये हा प्रश्न हमखास येतो.

देखभालीचा विचार खरेदीच्या वेळीच करावा. रॉकशॉक्स आपल्या शॉकच्या एअर कॅनची सफाई दर पन्नास तासांनी आणि संपूर्ण सर्व्हिस दर दोनशे तासांनी सांगते. फॉक्स १२५ तास किंवा एक वर्ष सांगते. खानापूर तालुक्यातली लाल माती पावसात दांड्यावर गुळगुळीत लेपासारखी बसते, पण वाळली की तीच पॉलिश पेपरचे काम करते. त्यामुळे पावसाळ्यात हा अवधी निम्मा धरणे शहाणपणाचे आहे. एअर कॅनचे सील घरी बदलता येतात, फक्त त्या शॉकचे सील किट सुटे मिळते की नाही हे आधी विचारून घ्यावे. ज्याचे किट मिळत नाही तो शॉक कितीही स्वस्त असला तरी घेऊ नये. आतला तेलाचा भाग मात्र उच्च दाबाच्या नायट्रोजनवर चालतो आणि तो घरी किंवा मोटारसायकलच्या गॅरेजमध्ये उघडणे जिवावर बेतू शकते. तसेच हवा पूर्ण सोडल्यावरही शॉक आतच अडकून राहत असेल, तर हवा चुकीच्या कप्प्यात कोंडलेली आहे. त्याला पान्हा लावू नये, तो जाणत्या सर्व्हिस सेंटरकडेच पाठवावा.

शॉक बसवताना बोल्ट निर्मात्याने दिलेल्या टॉर्कनेच आवळावेत आणि त्यांच्या आट्यांवर लॉकिंग द्रव लावावे. मग हवेच्या शॉकमधली हवा पूर्ण सोडून किंवा स्प्रिंग काढून ठेवून सायकल तळापर्यंत दाबावी. टायर, केबल, टाकी आणि नळी यांच्यात सर्वत्र मोकळी जागा दिसली तरच हवा भरावी. सॅग पाहण्यासाठी सायकलवर नेहमीच्या पोशाखात बसावे, भिंतीला हात टेकावा, ओ-रिंग सीलला लावावी, न हलता उतरावे आणि ती किती सरकली ते मोजावे. ५० मिलिमीटरच्या स्ट्रोकला १३ ते १५ मिलिमीटर आले, तर सुरुवात चांगली झाली. पहिला फेरा ओळखीच्या वाटेवर मारावा. परतल्यावर दोन्ही बोल्ट पुन्हा टॉर्कने तपासावेत आणि ओ-रिंगची जागा पाहावी. सर्वांत मोठ्या धक्क्याला ती स्ट्रोकच्या शेवटाजवळ पोहोचलेली असावी. ती निम्म्यावरच थांबली असेल, तर पाच-पाच पीएसआय कमी करत जावे; प्रत्येक खड्ड्याला ती टोकाला जात असेल, तर आधी सॅग पुन्हा मोजावा आणि सॅग बरोबर असूनही तसेच होत असेल, तरच एअर कॅनमध्ये जागा कमी करणारा प्लॅस्टिकचा तुकडा घालावा.